प्रमुख पाहुण्यांचा परिचय

ज्ञानदेव मेश्रामांना एक खोड होती. नवा माणूस भेटला की ते त्याला गाव विचारायचे. आडनाव कधीच विचारत नसत. आडनाव विचारणाऱ्याला खरं काय जाणून घ्यायचं असतं, ते त्यांनी जन्मभर सोसलं होतं. पण गाव विचारायला काय हरकत आहे? अडतीस वर्षं वर्धा जिल्ह्यात सायकलवरून टपाल वाटलेला माणूस तो. अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीला, कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला आणि दातांच्या डॉक्टरला आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मूळ गाव विचारून टाकलं. ड्रायव्हर हसला, डॉक्टरने सांगितलं, मुलीने मॅनेजरला बोलावलं. मग प्रफुल्लने बापाला समोर बसवून समजावलं, की बाबा, इथे असं विचारत नाहीत, लोकांना ऑफेन्सिव्ह वाटतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय, हे ज्ञानदेवांना कळलं नाही. पण मुलाच्या शब्दाखातर त्यांनी तोंड आवरायचं ठरवलं.

बायको रमाबाई नागपूरला वारली आणि तीन महिन्यांत प्रफुल्लने त्यांना इकडे आणलं होतं. प्रफुल्ल एका औषध कंपनीत कॉम्प्युटरवर, सून भावना दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये, नात उपासना सहावीत. सकाळी साडेसातला तिघं बाहेर पडली की घरात फ्रिजची घरघर तेवढी उरायची. रस्ता दिवसभर ओस. ज्ञानदेव खिडकीत बसून टपालाच्या गाडीची वाट बघायचे. गाडी यायची, आतला माणूस खाली न उतरताच हात लांब करून डब्यात कागद कोंबायचा आणि निघून जायचा. ना हाक, ना ख्यालीखुशाली. हे कसलं टपाल वाटणं, म्हणून ज्ञानदेव रोज चिडायचे. चिडण्याव्यतिरिक्त दिवसभरात त्यांना दुसरं काम नव्हतं.

समोरच्या घरात एक म्हातारा एकटाच राहायचा. दुपारी चारला तो गॅरेजचं दार वर करायचा आणि आत लाकूडकाम करत बसायचा. पंधरा दिवस खिडकीतून पाहिल्यावर ज्ञानदेवांना राहवेना. ते रस्ता ओलांडून गेले, नमस्कार केला आणि पहिला प्रश्न तोच विचारला. म्हातारा म्हणाला, न्यू जर्सी. त्याच्या आधी? युरोप. युरोप तर केवढा मोठा आहे, ज्ञानदेव म्हणाले. म्हातारा हसला आणि त्याने फळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. धरा जरा, म्हणाला.

अशी ओळख झाली. म्हाताऱ्याचं नाव स्टीव्ह क्राइनर, वय ब्याऐंशी. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी, बायको दहा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. ज्ञानदेव त्याला स्टीव्हसाहेब म्हणायचे, पोस्टातली सवय. दोघांचंही इंग्रजी बाहेरून आणलेलं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं बरोबर कळायचं. घरात नातीचं इंग्रजी ज्ञानदेवांच्या डोक्यावरून जायचं, पण स्टीव्हचा शब्द न् शब्द समजायचा. चार वाजले की पायात बूट. बर्फ पडलं तर स्टीव्ह आधी त्यांच्या दारापासून वाट साफ करून द्यायचा आणि मगच स्वतःची करायचा. भावना डब्यातून पोहे पाठवायची, उपासनाला त्याने रंधा मारायला शिकवलं. प्रफुल्लला हायसं वाटलं होतं. ऑफिसात सांगायचा, यार, बाबांना फ्रेंड मिळाला, मी सुटलो.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. ज्ञानदेवांनी त्या दिवशी स्टीव्हला जे सांगितलं, ते स्वतःच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला एक गाव आलं होतं, आणि त्या गावातल्या एका गल्लीत सहा घरं अशी होती, की पोस्टमनच्या हातून पत्र घ्यायची नाहीत. पत्र ओट्यावर ठेवायचं, चार पावलं मागे सरायचं. मग घरातली बाई तांब्या घेऊन यायची, पत्रावर पाणी शिंपडायची आणि ते शुद्ध झालं की उचलायची. शाईची अक्षरं विरघळायची, पण विटाळापेक्षा ते परवडायचं त्यांना. एकदा फौजेतून आंतरदेशीय पत्र आलं. बाईने पाणी मारलं, आणि संध्याकाळी तीच बाई पोस्टाच्या दारात रडत उभी. पोरगा दवाखान्यात आहे एवढंच लागत होतं. कुठल्या गावच्या, ते पाण्यात गेलं होतं. तेव्हाही ती चार हात लांबच उभी राहिली. ज्ञानदेवांनी स्वतः अर्ज लिहिले, तीन कचेऱ्यांना विचारलं आणि पोराचा पत्ता काढून दिला.

स्टीव्हने हातातला रंधा खाली ठेवून सगळं ऐकलं. मग विचारलं, त्या लोकांना पुढे शिक्षा झाली का? ज्ञानदेव हसले. म्हणाले, कसली शिक्षा. त्याच पोराच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आलो, म्हातारीने स्वतःच्या हाताने वाढलं. म्हणजे तुम्ही माफ केलंत, स्टीव्ह म्हणाला. ज्ञानदेव म्हणाले, केलं, उगाच कुठवर ओझं वाहायचं. त्यांनी हे अगदी सहज म्हटलं, आणि म्हटल्यावर त्यांना आपण बरे आहोत असं वाटलं. माणसाला वाटतं तसं.

"तुम्ही मला गाव विचारलं होतंत," स्टीव्ह म्हणाला.

आणि त्याने गाव सांगितलं. क्रेनत्सबाख. ज्ञानदेवांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी खिशातली पत्त्यांची वही काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली. पत्ता ज्याचा त्याच्याच हाताने लिहून घ्यायचा, म्हणजे घोळ होत नाही, ही त्यांची जुनी शिस्त. स्टीव्हने सुतारी पेन्सिलने गावाचं नाव लिहिलं, खाली जन्मतारीख लिहिली, आणि मग त्या गावातल्या ओढ्याबद्दल आणि आईच्या हातच्या पावाबद्दल बोलत राहिला. ज्ञानदेव त्या संध्याकाळी खूश होऊन घरी आले. दोन वर्षांनी का होईना, गाव कळलं होतं.

एप्रिलात इथल्या मंडळाची आंबेडकर जयंती होती. न्यू जर्सीतली आपली शंभरेक कुटुंबं शाळेचा हॉल भाड्याने घेऊन चौदा एप्रिल साजरा करतात. वंदना, भाषण, मुलांचे डान्स आणि शेवटी जेवण. त्या वर्षी मंडळाने मुलांसाठी फिरतं वाचनालय काढलं होतं, आणि त्याचं पुस्तकांचं कपाट स्टीव्हने चार महिने खपून बनवलं होतं, एक पैसा न घेता. तेव्हा त्याचा सत्कार करायचा हे ठरलंच. अध्यक्ष एकनाथ गजभिये म्हणाले, ज्ञानदेवकाका, परिचय तुम्ही लिहा.

आता आपल्याकडे परिचय म्हणजे काय, ते सांगायला नको. पाहुणा शाल घेण्यापुरता उठतो, पण त्याचा जन्म कुठे झाला, शिक्षण काय, नोकरी कुठे, हे सगळं माइकवरून सांगितल्याशिवाय आपल्याला त्याचा सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. ज्ञानदेवांनी वही उघडली आणि दोन पानं लिहिली. प्रमुख पाहुण्यांचा जन्म अमुक तारखेला क्रेनत्सबाख या निसर्गरम्य खेड्यात एका कष्टकरी कुटुंबात झाला, इथपासून. स्टीव्ह पहिल्या रांगेत कोट घालून बसला होता. परिचय मराठीत वाचला गेला, त्याला त्यातलं आपलं नाव सोडून काही कळलं नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर एकनाथने त्याच्या खांद्यावर शाल घातली, हॉलभर टाळ्या पडल्या, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानदेवांच्याही आलं. परिचयाचं इंग्रजी भाषांतर उपासनाने केलं होतं. ते स्मरणिकेत छापलं गेलं आणि स्मरणिका मंडळाच्या वेबसाइटवर गेली.

सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, एका सकाळी दोन माणसं दारात आली. एक पुरुष, एक चष्मेवाली बाई, वॉशिंग्टनच्या सरकारी खात्यातली. बाईच्या हातात स्मरणिकेचं ते पान होतं. प्रफुल्ल ऑफिसातून धावत आला, तोवर ज्ञानदेवांनी त्यांना चहा दिला होता आणि बाईला गाव विचारायचा मोह टाळला होता.

बाई इतिहास शिकलेली होती आणि सावकाश, समजेल असं बोलत होती. त्यांच्याकडे एक जुनी यादी होती. हिटलरच्या राज्यात दगडाच्या खाणीपाशी एक छावणी होती. तिथे ज्यूंना आणि आणखी पुष्कळांना आणून मरेपर्यंत राबवायचे. यादी तिथल्या पहारेकऱ्यांची. तीत श्टेफान क्राइनर नावाचा एक होता, गाव क्रेनत्सबाख. दुसरीकडे अमेरिकेत आलेला एक स्टीव्ह क्राइनर होता. जन्मतारीख तीच, पण येताना त्याने कागदावर दुसऱ्याच शहरात जन्म लिहिला होता आणि सगळं युद्ध एका शेतावर मजुरी करत काढलं असं सांगितलं होतं. गाव वेगळं, म्हणून माणसं दोन, असं अठ्ठावन्न वर्षं चाललं. मग तिला एका संध्याकाळी इंटरनेटवर ही पुस्तिका सापडली. युद्धाच्या शेवटच्या थंडीत त्या छावणीतल्या कैद्यांना पायी हाकत नेलं होतं, बाई म्हणाली. जो बसला त्याला रस्त्याच्या कडेला गोळी घालत. यादीतला क्राइनर त्या वाटेवर पहाऱ्याला होता. मग तिने विचारलं, हे गाव तुम्हाला कोणी सांगितलं?

प्रफुल्लनेच उत्तर दिलं, की बाबांना बरं वाटत नाहीये, आम्ही वकिलाशी बोलून सांगतो.

मंडळात वादळ उठलं. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर आपण कोणाला शाल घातली, या एका प्रश्नावर इतक्या ईमेल फिरल्या की एकनाथने राजीनामा दिला. दोन कुटुंबांनी मंडळ सोडलं. कोणी म्हणालं म्हातारे लोक भोळे असतात, कोणी म्हणालं भोळेपणाला मर्यादा असते. ज्ञानदेवांना कोणी तोंडावर काही बोललं नाही. फोन मात्र येईनासे झाले.

त्याच आठवड्यात चारच्या सुमाराला बेल वाजली. स्टीव्ह उभा होता. तीन वर्षांत तो न बोलावता कधी आला नव्हता. ज्ञानदेवांनी त्याला आत घेतलं, सवयीने चहा ठेवला आणि समोर बसले. त्याचे हात त्यांनी पाहिले. बोटांना नेहमीसारखा डिंक चिकटलेला होता.

स्टीव्हने सरळ कामाचं सांगितलं. त्याचा वकील म्हणत होता की छापलेल्या पुस्तिकेला काही किंमत नाही. परदेशातून आलेल्या एका वृद्ध गृहस्थाने नकाशात बघून चुकीचं गाव लिहिलं, एवढं ज्ञानदेवांनी म्हटलं की विषय संपला. फक्त ती वही कोणाच्या हाती लागायला नको.

"तुम्ही तिथे होतात का?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"मी वीस वर्षांचा होतो."

"मी वय विचारलं नाही."

स्टीव्ह चहाकडे बघत राहिला. ज्ञानदेवांनी आपला कप बाजूला सारला. म्हणाले, "स्टीव्हसाहेब, एकदा तोंडाने म्हणा. मी होतो, आणि जे केलं ते वाईट होतं. माझ्यासमोर म्हणा, बाकी कोणाला नको. मग वहीचं काय करायचं ते मी बघतो."

खोटं कशाला बोलू, त्याने ते एक वाक्य म्हटलं असतं तर ज्ञानदेवांनी ते पान फाडलं असतं. आयुष्यभर समतेची गाणी गायलेला माणूस, पण फाडलं असतं. त्यांना ते त्याच क्षणी कळलं आणि स्वतःची लाज वाटली. तरीही ते वाट बघत राहिले. त्यांना मित्र हवा होता. दुसरं काही नको होतं.

"या देशात मला गाव कोणी विचारलंच नाही," स्टीव्ह म्हणाला. "तुम्ही एकट्यानेच विचारलंत." मग त्याने चहा संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला आणि रस्ता ओलांडून गेला.

रात्रीच्या जेवणाला प्रफुल्लने विषय काढला. "बाबा, आपण ग्रीन कार्डवर आहोत. सिटिझनशिपचं ॲप्लिकेशन पेंडिंग आहे. कशाला इन्व्हॉल्व्ह व्हायचं? आठवत नाही म्हणून सांगा, तुमच्या वयाला चालतं ते." भावना म्हणाली, असं कसं सांगतील, आणि ताट घेऊन उठली. उपासना तेव्हा चौदाची होती. तिने विचारलं, "डिड ही किल पीपल, आबा?" ज्ञानदेवांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पोरीला रंधा धरायला त्याने शिकवलं होतं, तिच्या बोटांवर बोटं ठेवून. मला माहीत नाही, ते म्हणाले.

तीन दिवस ती वही उशाखाली होती. ज्ञानदेव पुन्हा पुन्हा पान उघडून बघायचे. अक्षर सुबक होतं, शाळेत गिरवून घेतलेलं. हेच अक्षर पहाऱ्याच्या नोंदवहीतही असेल, असं मनात आलं की ते वही मिटायचे. मग वाटायचं, या माणसाने माझी वाट साफ केली, रमाच्या आठवणीने मी रडलो तेव्हा हा शेजारी बसून राहिला. आणि मग त्या रस्त्याच्या कडेला बसलेलं कोणीतरी डोळ्यांसमोर यायचं. त्याचंही काही गाव असेल. चौथ्या दिवशी त्यांनी प्रफुल्लला सांगितलं, त्या बाईला फोन लाव. प्रफुल्लने लावला. बापाचा हट्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होता.

साक्ष पुढच्या एप्रिलात वकिलांच्या ऑफिसात झाली, लांबलचक टेबलाशी. स्टीव्ह टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. ज्ञानदेवांनी वही पुढे केली, पान दाखवलं, कोणी लिहिलं ते सांगितलं. स्टीव्हच्या वकिलाने चार वेळा फिरवून विचारलं, चारही वेळा त्यांनी तेच सांगितलं. पंधरा मिनिटांत त्यांचं काम संपलं.

त्या दिवशी आणखी एक साक्षीदार होती. फ्लोरिडाहून आलेली एक म्हातारी, एवढीशी, काठी टेकत चालणारी. त्या छावणीतून जी थोडी माणसं जिवंत सुटली त्यांतली ती एक. तिला विचारलं, यांना ओळखता का? ती म्हणाली, आम्हाला मान वर करायची परवानगी नव्हती, मी त्यांच्यातल्या कोणाचाच चेहरा पाहिलेला नाही. झालं. एवढ्या लांबून येऊन तिला एवढंच सांगता आलं. बाहेर पॅसेजमध्ये ती बाकावर बसली होती. ज्ञानदेव तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तिनेच विचारलं, "तो तुमच्याशी चांगला वागायचा?"

"हो," ज्ञानदेव म्हणाले. "फार चांगला."

"म्हणजे त्याला चांगलं वागता येत होतं," ती म्हणाली.

प्रफुल्लने त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं.

निकाल लागायला वर्ष गेलं. खोटं सांगून मिळवलेलं नागरिकत्व न्यायाधीशाने काढून घेतलं आणि देशाबाहेर काढायचा हुकूम दिला. पण काढायचं कुठे? ज्या देशात त्याचं गाव होतं त्या देशाने नको म्हटलं, जर्मनीने नको म्हटलं. असं आणखी दीड वर्ष चाललं. पहिल्या महिन्यात रस्त्यावर पाट्या घेऊन माणसं उभी राहिली, टीव्हीच्या गाड्या आल्या. मग सगळे गेले, आणि रस्ता पुन्हा पूर्वीसारखा ओस पडला. समोर तो, इकडे हे. गॅरेजचं दार पुन्हा वर गेलं नाही.

ते दीड वर्ष ज्ञानदेवांना फार जड गेलं. चार वाजले की जीव कासावीस व्हायचा. ज्याने माणसांना गुरासारखं हाकलं त्याच्यासाठी आपला जीव का तुटतो, म्हणून ते स्वतःला शिव्या घालायचे, आणि साडेतीनलाच पुन्हा खिडकीत येऊन बसायचे. एका जानेवारीत स्टीव्ह फावडं घेऊन दारातलं बर्फ काढताना घसरून पडला. दोनदा उठायचा प्रयत्न केला, उठता येईना. ज्ञानदेवांनी धावत जाऊन एका पायात बूट घातला. दुसरा हातात घेतला, आणि तसेच बाकड्यावर बसून राहिले. दहा मिनिटांनी टपालवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हाताऱ्याला उभं केलं. ज्ञानदेवांनी पायातला बूट काढून ठेवला.

शेवटी जर्मनीने त्याला घ्यायचं कबूल केलं, खटला चालवायला. ऑक्टोबरातल्या एका सकाळी दारात दोन गाड्या आल्या. स्टीव्हला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. दाढी केलेली, टोपी नीट बसवलेली, गुडघ्यांवर घडी केलेला कोट. या वेळी ज्ञानदेवांनी दोन्ही बूट घातले आणि रस्ता ओलांडला. अधिकाऱ्याने हात आडवा केला. स्टीव्ह त्याला म्हणाला, येऊ द्या, माझे शेजारी आहेत.

दोघं जवळून एकमेकांना बघत होते, अडीच वर्षांनी. ज्ञानदेव म्हणाले, "आता तरी सांगा. आता तुमचं माझ्या हातात काहीच नाही."

स्टीव्हने मान हलवली. काही समजावून सांगावं तशी शांतपणे. म्हणाला, "तुम्ही त्या बाईच्या ओट्यावर पत्र ठेवायचात आणि मागे सरायचात. का? तशी रीत होती म्हणून. नोकरी होती म्हणून. मीही तेवढंच केलं. मला वाटलं होतं, तुम्हाला तरी कळेल."

त्याला गाडीत चढवलं. ज्ञानदेव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. इतके दिवस त्यांची समजूत होती की त्या हिवाळ्यात गोष्ट ऐकताना या माणसाने स्वतःला त्या पाणी शिंपडणाऱ्या बाईच्या जागी पाहिलं असेल. लाजला असेल, आणि म्हणून माफीचं विचारलं असेल. तो तर पोस्टमनच्या जागी बसला होता. आपल्या जागी. चार पावलं मागे सरताना आपल्या पोटात जे तुटायचं तेही त्याने स्वतःसाठी घेऊन टाकलं होतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मागून आलेल्या एका मोटारीने हॉर्न वाजवला तेव्हा ते बाजूला झाले.

जूनमध्ये प्रफुल्लने बातमी वाचून दाखवली. खटला उभा राहण्याआधीच तो तिकडच्या एका वृद्धाश्रमात झोपेत गेला. तिकडच्या कायद्याप्रमाणे निकाल लागण्यापूर्वी माणूस मेला तर तो निर्दोषच धरतात, असं खाली लिहिलं होतं. भावना म्हणाली, म्हणजे इतकं करून काहीच नाही? प्रफुल्लने खांदे उडवले. ज्ञानदेव आत जाऊन बसले आणि तोंडावर पंचा घेऊन रडले. कोणासाठी, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या रविवारी एकनाथच्या घरी वंदना होती. मधल्या काळात लोक निवळले होते. पंधरा-वीस माणसं जमली, आणि वयाने मोठे म्हणून वंदना ज्ञानदेवांनीच सांगायची असं ठरलं. मेणबत्त्या लागल्या. त्यांनी सुरुवात केली, बाकीचे मागून म्हणत गेले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, बुद्धपूजा झाली. शेवटी सगळ्या प्राणिमात्रांच्या सुखाची मागणी येते. लहानपणापासून हजारदा म्हटलेली ओळ. ज्ञानदेवांनी श्वास घेतला आणि ते 'सगळ्या'पाशी अडले.

सगळ्यांमध्ये तो येत होता. आपल्याला ते म्हणवणार नाही अशी भीती त्यांना वाटली नव्हती. भीती वाटली ती याची, की ते म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. एकदा त्यांनी स्वतःची माफी अशीच सहज देऊन टाकली होती, तेव्हा निदान ती त्यांची होती. ही त्यांची नव्हती. ज्यांची होती ती माणसं रस्त्याच्या कडेला पडलेली, आणि त्यांची नावं, गावं कोणत्याच वहीत नव्हती.

मागची माणसं थांबली होती. उपासनाने हळूच आजोबांच्या कोपराला हात लावला. ज्ञानदेवांनी पुस्तक मिटून प्रफुल्लकडे दिलं आणि म्हणाले, पुढचं तू म्हण. प्रफुल्लने म्हटलं, सगळ्यांनी त्याच्या मागून म्हटलं. ज्ञानदेव हात जोडून, तोंड मिटून बसून राहिले.